जलसंजीवनीची पुडी आणि तिच्यावरील अक्षरे
(आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी माहिती खात्यातला माणूस, कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकाचे चार शब्द मी डॉक्टरांना विचारूनच उच्चारतो. आजारपणात कुणाला विचारावे आणि हाती आलेली वस्तू कशी वाचून घ्यावी, एवढेच आज बोलणार आहे.

पावसाळा लागला की लहान मुलांना जुलाब होतात आणि सल्ल्यांना ऊत येतो. कुणी म्हणते, पाणी तोडा. कुणी अंगावरचे दूध बंद करावयास सांगते. भ्रमणध्वनीवर तर गोळ्यांची नावेच येतात. धाडणारा कोण, हे धाडणाऱ्यासही ठाऊक नसते. वस्तुतः मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि पेला रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिला. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या खाली आले. ग्लुकोज आतड्यातून मिठाला आत नेते आणि मिठामागून पाणी जाते. मात्र प्रमाण नेमके हवे. साखर फार झाली, तर ती उलट पाणी आतड्यात ओढते.

हे मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी भाच्याला जुलाब लागले, तेव्हा दुकानातून गोड पेयाचा एक खोका आणला. त्यावर ‘ओआरएस’ ही अक्षरे ठळक होती. जुलाब वाढले. उपकेंद्रातील परिचारिकाताईंनी खोका उलटा करून विचारले, “साहेब, मागची बाजू वाचलीत का?” जन्मभर मजकूर तपासणारा मी, बारीक अक्षरे वाचलीच नव्हती! पोर त्या दिवशी वाचले, ते ताईंमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही मागची बाजू वाचण्याची सवय सोडू नये.

खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो आणि ती किती पाण्यात कालवावी तेही छापलेले असते. लिटरची पुडी असेल, तर ती संपूर्ण, एक लिटर स्वच्छ पाण्यात. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी टाकू नये. अंदाजाने प्रमाण बिघडते. कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात; जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. मात्रा वयावर ठरते, ती आशाताईंना विचारावी. पुडीही त्यांच्याकडे मिळते.

मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र कुणाचाच सल्ला विचारीत बसू नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. वाटेत घोट घोट पाजीत राहा.

आता ताई पुडी कालवून दाखवतील. ज्यांनी घरून लिटरचे भांडे आणले आहे, त्यांनी पुढे यावे.