चाक मिळाले, विजेचे काय?

(घरी बसून काम करणाऱ्या कामगारांच्या प्रश्नांवर कार्यकर्त्यांसमोर वाराणसीच्या एका मराठी भगिनीने केलेले भाषण.)



मी काशीची. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे आहेत, त्यांतलेच आमचे एक. घराच्या खालच्या खोलीत मी मातीची भांडी करते. ही कला तिथल्याच एका कुंभार कुटुंबाकडून शिकले. पुढे खांदा दुखू लागला, म्हणून अर्ध्या अश्वशक्तीचे विजेचे चाक घेतले आणि माझी वणवण सुरू झाली.

घरचे मीटर घरगुती वापराचे. आपण सरळ मार्गाने जावे म्हणून मी वीज कार्यालयात विचारायला गेले. ते म्हणाले, "धंदा करता ना? मग आधी धंद्याचा परवाना आणा." परवान्याच्या कार्यालयात सांगितले, "जागेला धंद्याची वीजजोडणी असल्याचे बिल दाखवा. शिवाय शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला आणा." हे म्हणतात ते आणा, ते म्हणतात हे आणा. अकरा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. नकारसुद्धा कुणी लेखी दिला नाही. नंतर तपासणी झाली आणि हातात नोटीस पडली. विचारायला गेले, तीच मी गुन्हेगार ठरले!

त्या नोटिशीमुळे कायदा वाचावा लागला. वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार, ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याहून वेगळ्या कामाला वापरली तर तो अनधिकृत वापर होतो. तो केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही, तर तपासणीपूर्वीचे १२ महिने धरतात आणि त्या वर्गाच्या दुप्पट दराने आकारणी करतात. त्या आकारणीवर आधी हरकत घेता येते. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येते, पण निम्मी रक्कम अगोदर भरावी लागते. महिन्याला चार पैसे मिळवणाऱ्या बाईने ती कुठून आणायची?

आता हिशेब पाहा. अर्ध्या अश्वशक्तीचे चाक रोज ८ तास चालले तर सुमारे ४ युनिट लागतात. २५ दिवसांचे १०० युनिट. एखाद्या घरच्या फ्रीज-कूलरपेक्षा हे काही जगावेगळे नाही. भट्टीची गोष्ट वेगळी. ६ किलोवॅटची विजेची भट्टी ८ तास चालली तर ४८ युनिटपर्यंत वीज घेते आणि मंजूर भार वाढवून घ्यावाच लागतो. लाकूड-गोवऱ्यांचा आवा गल्लीत पेटवला तर धुराची तक्रार होते. विजेची भट्टी आणावी तर भार मिळत नाही. कारागिराने भांडी भाजायची कशी?

शासन काही देत नाही असे मी म्हणणार नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमात विजेची चाके वाटली. आमच्या वाराणसी जिल्ह्यातही ती आली. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, कर्ज आहे. पण चाक देणारे खाते वेगळे आणि ते फिरवायची वीज देणारे खाते वेगळे. घरी बसून काम करणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

आमच्याच शहरातल्या विणकरांकडे पाहा. त्यांचेही माग घरातच असतात. २००६ पासून उत्तर प्रदेशात यंत्रमागांना ठरावीक दराने वीज मिळू लागली. शहरात अर्ध्या अश्वशक्तीच्या मागाला महिना ६५ रुपये. २०१९ च्या अखेरीस ती पद्धत मोडायचे ठरले. २०२० मध्ये वाराणसीच्या विणकरांनी 'मुर्री बंद' पुकारला, माग थांबवले. पुढे २०२३ मध्ये ठरावीक दर परत आला, पण त्याच मागाला ४०० रुपये झाला. जे मिळाले ते पुरेसे नाही, तरीही मिळाले ते एकजुटीने. घरोघर विखुरलेल्या कुंभारांपाशी हे बळ नाही.

महाराष्ट्राचे उदाहरण तर आपल्या हाताशी आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१६ च्या दर-आदेशात, घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लावावा असे म्हटले होते. एका ओळीने केवढी भीती जाते! प्रत्येक राज्याच्या दर-आदेशात अशी ओळ आली पाहिजे, ही आपली पहिली मागणी असावी. नवे दर ठरण्यापूर्वी आयोग हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. तिथे कारखानदारांचे वकील हजर असतात. आपणही जायला हवे.

दुसरी मागणी, अर्जाची पोच आणि नकार दोन्ही लेखी मिळावेत. ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार, अर्ज पूर्ण असेल आणि नव्या तारा ओढाव्या लागत नसतील तर नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे. पण अर्ज पूर्ण झाला असे कुणी म्हणतच नाही! पोच असेल तर कलम ४२ खालच्या तक्रार निवारण मंचाकडे दाद मागता येते.

शेवटी आम्ही पाच घरे एकत्र आलो, एकच निवेदन लिहिले आणि एकाच दिवशी गेलो. त्या दिवशी प्रथमच कुणी बसायला खुर्ची दिली आणि निवेदनावर शिक्का मारला. जोडणी अजून मिळालेली नाही. पण अकरा फेऱ्यांत एकटीला जो कागद मिळाला नाही तो पाच जणींना एका फेरीत मिळाला. आपापल्या गावी परत गेल्यावर आधी गल्लीतल्या अशा पाच घरांची यादी करा, एवढीच माझी विनंती आहे.