संप मिटवायचा कुणी?

पगार-बोनससाठी कामगारांनी संप करावा का, हा विषय महाराष्ट्रात निघाला की कुणीतरी मुंबईच्या कापड गिरण्यांचा १९८२चा संप काढतोच. ‘संप केला आणि गिरण्या गेल्या.’ यात आधी काय, नंतर काय एवढेच कळते; कशामुळे, ते कळत नाही.

१९८१च्या दिवाळीत बोनस ठरला तो मालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यात. तो न पटलेले प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. डॉक्टर आधी फारसे राजी नव्हते. गळ घातली ती कामगारांनी. १८ जानेवारी १९८२पासून साठाहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचे होते. बदलीवाल्याने भोंग्याच्या वेळी गेटवर हजर राहायचे. कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर चाळीत परत. असे वर्षानुवर्षे.

गाठ मात्र वेगळीच होती. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे पंचवीस टक्के सभासद दाखवणारी संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरे आणि वाटाघाट तिच्याशीच होई; गिरण्यांत ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे ज्याच्या शब्दावर गिरण्या बंद पडल्या त्याच्याशी बोलायचे नाही, आणि जिच्याशी बोलायचे तिच्या शब्दावर त्या सुरू होत नाहीत! हा कायदा रद्द करा, अशीही संपाची एक मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

सामंतही चुकले. नफ्यातला कारखानदार लवकर वाकतो, हा त्यांचा इंजिनिअरिंग कारखान्यांतला अनुभव. जुनाट यंत्रे आणि भिवंडीचे यंत्रमाग दाखवून तोट्याचा हिशेब मांडणारा गिरणीमालक तसा वाकणार नव्हता. त्याला बंद गिरणी परवडत होती. पुढे गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीला वाट करून दिली ती १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी. तो निर्णय काही संपकऱ्यांनी घेतला नव्हता.

इतके दिवस माणसे तगली कशी? कोकणातले, घाटावरचे कामगार गावी शेतीवर गेले. मागे राहिलेल्यांना खानावळवालीने उधारीवर जेवू घातले. ही उधारी गिरणगावाची जुनीच. याच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. संपाचा खर्च लिहायला बसले की मालकाचे नुकसान आणि कामगाराचा बुडालेला पगार मांडला जातो. खानावळवालीची वही त्यात नसते. साहित्यानेही संपानंतरचे घर पाहिले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ त्यातले मोठे नाटक. वाटाघाटीच्या खोलीत मात्र आपले लेखक फारसे शिरले नाहीत.

संप मिटवायचा कुणी, हा प्रश्न एसटीच्या २०२१-२२च्या संपातही आला. ऑक्टोबर २०२१च्या शेवटी संघटनांच्या कृती समितीने तडजोड केली, तरी आगारांतले कर्मचारी महामंडळाच्या राज्य सरकारातील विलीनीकरणावर अडून बसले. नोव्हेंबरात मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. संप नसता तर ती झाली असती, असे म्हणायला धाडस लागेल. पण तेव्हाही ‘आता पुरे’ म्हणू शकेल असा कुणी उरला नव्हता. शेवटी कामावर परतण्याची तारीख उच्च न्यायालयाने दिली: २२ एप्रिल २०२२. विलीनीकरण झालेच नाही.

म्हणून माझे मत असे: पगारासाठी संप जरूर करावा, पण तो मिटवण्याचा अधिकार कुणाकडे, हे आधी गेटसभेत मत घेऊन ठरवावे. आता तर औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच. एकाहून अधिक संघटना असतील तिथे वाटाघाटीला एकटीने बसायचे तर संघटनेमागे एक्कावन्न टक्के कामगार लागतात. तेवढे कुणाकडेच नसतील तर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी धरून परिषद. पंचवीसवरून एक्कावन्नवर आलो, ही सुधारणाच. पण हजेरीपटावर ज्यांचे नावच नाही, त्या कंत्राटी माणसांना या टक्केवारीत कुठे धरायचे, हे सरकारने आणि कायम कामगारांच्या संघटनांनीही सांगायला हवे.