नवा तारा की जुना?



जिनातल्या कामगारांच्या मजुरीसाठी भांडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी ताऱ्यांवर काय बोलावे, असे कोणी म्हणेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चुकलो तर हटकावे.

जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. २००६ च्या फेब्रुवारीत भुजंगधारी मंडळातला ‘आरएस’ नावाचा तारा एकाएकी पेटला, तेव्हा त्याच्या रेडिओ-लहरी या दुर्बिणीने टिपल्या. अशा ताऱ्याला नवतारा म्हणतात. पण हा १८९८, १९३३, १९५८, १९६७ आणि १९८५ सालीही पेटला होता. पुढे २०२१ मध्ये पुन्हा पेटला. मग नवा कसला?

तिथे तारे दोन आहेत. एक फुगलेला, तांबडा. दुसरा श्वेत बटू : आकार पृथ्वीएवढा, वजन मात्र सूर्याहून जास्त. सुमारे ४५५ दिवसांत ते परस्परांभोवती एक फेरी करतात. तांबड्याचा हायड्रोजन बटूवर थराथराने साचतो. ओल्या सरकीचा ढीग आतल्या आत तापतो, हे आपल्याकडच्या हमालाला सांगावे लागत नाही. इथे ती आच दाबाने येते, आणि एके दिवशी सगळा थर अणुभट्टीसारखा भडकतो.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, घ्या, आकाशातही मालक-मजूर! सवयच तशी. पुढचे प्रकरण वाचले आणि खजील झालो. आज ओढून घेणारा बटू हाच मूळचा जड तारा. जड ताऱ्याचे इंधन लवकर सरते. म्हणून तो आधी म्हातारा झाला, फुगला आणि अंगावरचे सारे गमावून बसला. त्यातले काही जोडीदारालाही मिळते. काही जोड्यांत तर दोघेही त्या वायूच्या एकाच गोधडीत सापडतात. घर्षणाने कक्षा आकसते, गोधडी उडून जाते, आणि फेरी काही तासांवर येते. मग धाकट्याकडून थोरल्याकडे उलटा ओघ सुरू होतो. मालक कोण, हे कोणत्या साली विचारता त्यावर आहे! आमची घोषणा आम्ही मुकाट्याने खिशात घातली.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. चंद्रशेखरांनी दाखवले की सुमारे १.४ सूर्यांपलीकडे बटूला स्वतःचा भार पेलत नाही. भुजंगधारीतला बटू त्या मर्यादेच्या जवळ आहे. प्रत्येक भडक्यात तो साचलेले सारे उधळतो की थोडे शिल्लक ठेवतो? शिल्लक राहत असेल, तर एक दिवस तो समूळ फुटू शकेल. शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

घरी जाताना पूर्वेला वृश्चिक दिसेल. त्याच्या डावीकडे, भुजंगधारी मंडळात तो आहे. पेटल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.