लाटेचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘सर्फिंग’ म्हटलं की माझ्या वयाच्या बायकांना आधी धुण्याची पावडर आठवते आणि मुलांना इंटरनेट. मी बोलणार आहे ते तिसऱ्याच सर्फिंगबद्दल. समुद्राची लाट किनाऱ्याकडे धावते, तिच्यापुढे फळी घालायची आणि त्या फळीवर उभं राहून काठापर्यंत यायचं, असा हा खेळ. मी डोंबिवलीत राहते, एका लहान कारखान्याचे हिशेब लिहिते. वय ४७. हा नाद लागला तो ४३ व्या वर्षी. पगारदार घराला हे परवडतं का, असं मला बरेच जण विचारतात. काही जण विचारत नाहीत, नुसतं बघतात.

समुद्राला तिकीट नाही आणि लाटेचं भाडं नाही. मग खर्च कशाचा? बहुतेकांना वाटतं, फळीचा. समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाचा मोठा खर्च असतो तो लाटेपर्यंत पोचण्याचा आणि तिथे राहण्याचा. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं अंदाजपत्रक आपोआप बसतं.

मी जाते मुलकीला. कर्नाटकात उडुपी आणि मंगळुरू यांच्या मधलं हे गाव. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथे समुद्राला मिळतात. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सर्फिंग क्लबांपैकी एक तिथे २००४ साली सुरू झाला, त्यामुळे शिकवणारी, समुद्र ओळखणारी माणसं तिथे आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसला दुपारी मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उडुपीला उतरायचं आणि तिथून बस. शिकाऊ माणसाने ऑक्टोबर ते मे या काळातच जावं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र आपल्यासाठी नसतो. त्या दिवसांत चेन्नईजवळच्या कोवलमला लाटा चांगल्या असतात, पण तिकडचं भाडं वाढतं. आणि हो, केरळातलं कोवलम वेगळं. तिकीट काढताना बघून काढा.

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमचे थोडे कमी-जास्त होतील. थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं ३ हजार, बस-रिक्षा ८००. म्हणजे लाट बघण्याआधीच ३,८०० रुपये गेले, मग तुम्ही २ दिवस राहा की ६. पुढे रोजची खोली १,२०० आणि जेवणखाण ५००. शिकवणीचा एक तास-दीड तासाचा वर्ग १,८०० ला, त्यात फळी आली. शिकवणी नको, नुसती फळी हवी असेल तर ६००.

शनिवार-रविवार साधून २ दिवस गेलं आणि २ वर्ग घेतले तर १०,८०० रुपये होतात. पाण्यात उतरलो दोनदा, म्हणजे एका खेपेला ५,४०० पडले. ४ दिवस राहून ४ वर्ग घेतले तर १७,८००, म्हणजे खेपेला ४,४५०. आणि ६ दिवस राहिलं, सकाळी वर्ग ४ दिवस घेतले, शिवाय आणखी ४ खेपा नुसती फळी भाड्याने घेऊन शिकलेलं घोटलं, तर २३,६०० रुपयांत ८ खेपा होतात. एक खेप २,९५० ला पडली. एकूण आकडा मोठा दिसतो म्हणून घरात भुवया उंचावतात, पण छोट्या-छोट्या तीन सहलींपेक्षा वर्षातून एकच मोठी स्वस्त पडते. शरीरालाही तेच मानवतं. तोल सापडायला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि दोन दिवसांचा पाहुणा नेमका त्याच्या आधी गाडीत बसलेला असतो.

फळीचं सांगते. शिकाऊ माणसासाठी वरून मऊ फोमची, ८-९ फुटांची फळी लागते. मी चौकशी केली तेव्हा ३० हजारांच्या खाली बरी मिळत नव्हती. ६०० रुपये भाड्याच्या हिशेबाने ती फिटायला ५० खेपा हव्यात. वर्षाला ८ खेपा करणाऱ्या माझ्यासारखीला ६ वर्षं! तोवर ती ठेवायची कुठे? आमच्या लिफ्टमध्ये ती उभी राहत नाही, हॉलमध्ये आडवी ठेवली तर सोफा बाहेर काढावा लागेल. फायबरची घेतली तर तिला खोक पडते, त्यातून पाणी आतल्या फोममध्ये शिरतं, की रेझिन लावून दुरुस्ती आली. किनाऱ्यावर राहणाऱ्याने फळी जरूर घ्यावी. आपण भाड्याची घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

फळीची किंमत आपल्या हातातही नसते. कॅलिफोर्नियात क्लार्क फोम नावाचा कारखाना होता. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा आतला फोमचा गाभा तिथून यायचा. ५ डिसेंबर २००५ रोजी मालकाने तो एका दिवसात बंद केला आणि फळ्यांचे भाव भडकले, जुन्या फळ्या लोक साठवून ठेवू लागले. तिकडच्या मंडळींना आणखी एक खर्च असतो. तिथलं पाणी गार, म्हणून जाड रबरी पोशाख लागतो, आणि तो झिजला की नवा. आपला समुद्र कोमट. एक अंगाला चिकटणारा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि उन्हासाठी झिंकचं मलम, एवढ्यावर भागतं. ही देवाघरची सूट समजा.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगते. मुलकीला जाण्याआधी मी एक उन्हाळा तरण तलावात घालवला. ती फी माझ्या वहीत सर्फिंगच्याच खात्यावर आहे. पायाला फळी बांधायची दोरी, तिला लीश म्हणतात, ती जुनी किंवा चिरलेली दिसली तर बदलून मागावी, भिडेखातर गप्प बसू नये. आणि पहिल्या वर्षी शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात जाऊ नये. नदीच्या मुखाशी पाणी आत ओढतं. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर निघायचं असतं. हे कागदावर सोपं आहे. तिथे शेजारी ओरडून सांगणारं कोणी असावं, त्यासाठीच ते १,८०० रुपये.

आता घरातलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, पैसे पाण्यात घालायचे म्हणजे हेच की!” चूक काय म्हणाल्या? त्या वर्षी मुलगा अकरावीत होता, त्याच्या क्लासची फी होती, घराचा हप्ता होता. पुढच्या वर्षी ह्यांची कंपनी बंद पडली आणि ८ महिने घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं. तेव्हा मी गेले नाही. ‘सर्फिंग’ या मथळ्याखाली बारा महिने शून्य लिहिलं. हे म्हणाले, “खोडून टाक ना तो रकाना, उगाच जागा अडवतोय.” मी खोडला नाही.

माझ्या आईच्या वह्या माझ्याकडे आहेत. किराणा, दूध, शाळेची फी, देवाचं, आहेर, औषधं, सगळे रकाने सुबक अक्षरात. तीस वर्षांच्या वह्यांत तिच्या स्वतःच्या नावाचा एकही रकाना नाही. तिला पेटी वाजवायला आवडायचं, हे मला ती गेल्यावर मावशीकडून कळलं. शून्य लिहिताना मला त्या वह्या आठवायच्या.

ह्यांना नोकरी लागल्यावर आम्ही दोघांनी बसून ठरवलं. बोनसला हात लावायचा नाही, मोडायची पाळी येईल अशा ठेवीत छंदाचे पैसे ठेवायचे नाहीत. महिन्याला २ हजारांचं रिकरिंग काढलं. वर्षाला २४ हजार आणि वर थोडं व्याज, म्हणजे ६ दिवसांची एक सहल बरोबर बसते. ज्या वर्षी मोठा खर्च उभा राहील त्या वर्षी ते पैसे तिकडे जातील, असंही आधीच कबूल करून ठेवलं आहे, त्यामुळे वाद होत नाही. ह्यांनीही स्वतःसाठी ५०० रुपयांचं एक रिकरिंग काढलं आहे. कशासाठी, ते अजून सांगत नाहीत.

रिकरिंग ऑगस्टच्या शेवटी पिकेल असं मुद्दाम धरलं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं. नोव्हेंबरात जायचं तर सप्टेंबरात तिकीट काढावं लागतं, आणि दिवाळीची गर्दी असली तर आरक्षण उघडेल त्याच सकाळी ८ वाजता. तेवढ्यासाठी त्या दिवशी मी कामावर तासभर उशिरा जाते.