परदेशी निघालेला लॅपटॉप आणि त्यातल्या बायका

(गोंदिया इथं झालेल्या कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात जिनिव्हाला बैठकीसाठी चालल्या आहेत. पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे यांची चर्चा सकाळपासून भरपूर झाली. माझ्याकडे विषय आला लॅपटॉपचा. विषय ऐकून मागून कुणीतरी म्हणालं, "त्यात काय, पिशवीत टाकला की झालं." तर त्या पिशवीतून काय काय जातं, यावरच बोलायचं आहे.

आपल्या कार्यालयातल्या लॅपटॉपवर हिशोब आहेत, पत्रकं आहेत, मोर्च्यांचे फोटो आहेत. आणि सल्ला केंद्रात आलेल्या बायकांचे अर्ज आहेत. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या बायका. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, माहेरचा पत्ता, अंगावरच्या वळांचे फोटो, दवाखान्याचे कागद. घर सोडलेली एखादी सध्या कुणाकडे राहते, तेही त्यात लिहिलेलं आहे. हेच कागद लोखंडी कपाटात असते, तर कपाट उचलून विमानात घाला असं कुणी सुचवलं असतं का? लॅपटॉप नेतो तेव्हा आपण अख्खं कपाटच नेत असतो. फक्त ते हलकं असतं म्हणून लक्षात येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोंदियातल्या बाईच्या अर्जात जिनिव्हातल्या कुणाला काय रस? थोडं मागं जाऊ. इथून बल्लारशाच्या गाडीत बसलं की अर्जुनीच्या पुढं वडसा लागतं, म्हणजेच देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी त्या निकालावर खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या चळवळीचा तो मोठा टप्पा आहे. पण त्या मुलीचं नाव जगभरच्या पुस्तकांत, परिषदांत, भाषणांत गेलं. ती स्वतः मात्र इकडेच राहिली. नाव द्यायचं की नाही, हे तिला विचारलं गेलं नव्हतं. मी ते नाव इथं मुद्दाम घेत नाही. १९८३ च्याच दुरुस्तीने बलात्कार झालेल्या स्त्रीचं नाव प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं. तेव्हा ते कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. लॅपटॉप नेणं म्हणजे नाव प्रसिद्ध करणं नव्हे, हे मला मान्य आहे. पण नाव हातातून एकदा सुटलं की पुढं कुठं जाईल, ते आपल्या हातात राहत नाही.

सीमेवरचे कायदेही माहीत असू द्या. अमेरिकेत शिरताना तिथले अधिकारी वॉरंटशिवाय लॅपटॉप आणि फोन उघडून पाहू शकतात. ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली विमानतळावर पासवर्ड मागता येतो आणि तो न देणं गुन्हा ठरू शकतं. न्यूझीलंडने २०१८ च्या कायद्यात नकार देणाऱ्याला तिथल्या ५००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. आपल्या दोघी या देशांत चाललेल्या नाहीत, पण उद्या कुणी जाईल. आणि खरं सांगू का, अधिकाऱ्याच्या आधी चोर भेटतो. नागपूर-मुंबईच्या रात्रीच्या गाडीत चार्जिंगला लावलेला लॅपटॉप पहाटे जागेवर नसतो.

म्हणून माझा आग्रह असा : कार्यालयातला लॅपटॉप इथंच राहावा. शिबिरात पडद्यावर चित्रं दाखवायला जो जुना आहे, ज्यावर अर्ज कधी घातलेच नाहीत, तो न्यावा. कार्यालयाच्या लॅपटॉपवरचे अर्ज पुसून तोच नेऊ, असं नको. पुसलेली फाइल जाणकार माणूस पुष्कळदा परत काढतो. जुन्यावर संपूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन करून घ्यायचं. सुरू करतानाचा पासवर्ड ही नुसती दाराची कडी आहे, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की आतलं सगळं वाचता येतं. एन्क्रिप्शन हे खरं कुलूप. तेही लॅपटॉप पूर्ण बंद असतानाच नीट काम करतं, नुसतं झाकण मिटून भागत नाही. कार्यालयाचा ईमेल त्यावर उघडायचा नाही, प्रवासापुरता वेगळा खातेक्रमांक काढू. आणि फोन! व्हॉट्सअॅपवर आलेले जखमांचे फोटो फोनमध्ये तसेच असतात, ते विसरू नका.

भाषणात उदाहरणं द्यावी लागतील, त्याशिवाय तिथं कुणी ऐकत नाही. पण नाव काढलं म्हणजे काम झालं असं नाही. तीस घरांच्या टोलीतली आशा सेविका, दुसरेपणाची, दोन मुली, एवढं सांगितलं की त्या टोलीला नाव सांगायची गरज उरत नाही. तालुका गाळा, वय ढोबळ ठेवा, आणि शक्य असेल तिथं त्या बाईला आधी विचारा.

आता किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी. तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण तीन पिनांचं सॉकेट वेगळं. आपली जाड पिन जात नाही, कन्व्हर्टर इथूनच घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, सामानात टाकलेली चालत नाही. भाषणाचा कागद छापून जवळ ठेवा. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा अशा दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप हाती ठेवायला बंदी केली होती. ती जुलैपर्यंत उठली, पण तोवर लोकांचे लॅपटॉप सामानात गेले.

ओटीपीचं मात्र गांभीर्याने घ्या. बँकेचा, ईमेलचा आकडा इथल्या सिमवर येतो, तेव्हा रोमिंग सुरू करून घ्या. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या खात्याला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा जोडलेला असतो. म्हणजे जिनिव्हात बसून स्वतःचं पत्र उघडायला "अहो, आकडा आला का?" असा फोन करायचा, आणि तिथं दुपारचे चार तेव्हा इथं रात्रीचे साडेसात-साडेआठ. घरात विषय निघेल, एखादीला ऐकून घ्यावं लागेल, तरी नंबर स्वतःचा जोडून घ्या. हे फक्त जाणाऱ्या दोघींना नाही, सगळ्यांनाच सांगते आहे.

येत्या शनिवारी अकरा वाजता जुना लॅपटॉप घेऊन कार्यालयात बसू. एन्क्रिप्शनला दोन-तीन तास लागतात आणि मध्ये वीज गेलेली चालत नाही, म्हणून बॅटरी पूर्ण भरून आणा. जाणाऱ्या दोघींनी पासवर्ड आपला आपण ठरवायचा, तो मलासुद्धा सांगायचा नाही.