संगणकावरचं व्हॉट्सअ‍ॅप



पळसदरी हे कर्जतहून खोपोलीकडे निघालेल्या लोकलचं पहिलंच स्थानक. इथल्या माणसाला कागदाची छापील प्रत हवी असली, की कर्जतचा बाजार गाठणं ओघानं आलंच. सातबारा, आधार कार्ड, मुलाचा दाखला, सगळं मोबाइलमध्ये असतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, प्रत घ्यायची आणि खोपोली गाडीसाठी पळत सुटायचं. ती चुकली तर पुढची लगेच मिळत नाही. या घाईत प्रत आपल्याबरोबर येते आणि व्हॉट्सअ‍ॅप मात्र दुकानात उघडंच राहतं.

व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर आलं ते जानेवारी २०१५मध्ये, ब्राउझरमधून. मे २०१६मध्ये संगणकावर बसवता येणारं वेगळं अ‍ॅप निघालं. तेव्हा फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागे. फोनची रेंज गेली, की संगणकावरचा पडदाही गोठायचा. २०२१पासून ही अट सुटली. आता फोन बंद असला तरी संगणकावर निरोप येत राहतात. सोय मोठीच, पण दुकानातल्या त्या उघड्या खिडकीलाही तीच लागू पडते! फोन १४ दिवस वापरलाच नाही, तर जोडणी आपोआप तुटते. पण इतके दिवस फोनला हात न लावणारा माणूस आज कुठे सापडायचा?

दुकानदार भला असेलही. प्रश्न त्याच्यामागून येऊन त्याच संगणकासमोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे.

यासाठी दुकानात परत जायला नको. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, मेनूमधून ‘लिंक्ड डिव्हायसेस’वर जा. कोणकोणते संगणक जोडलेले आहेत, त्यांची यादी तिथे दिसते. अनोळखी नावावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा, झालं. अर्थात प्रत काढण्यासाठी त्या संगणकावर उतरवलेली फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते. ती दुकानातून निघण्यापूर्वीच पुसून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. संकोच कसला? कागद आपला आहे.

घरी संगणक असेल तर अ‍ॅप तिथेच बसवावं, हे माझं स्पष्ट मत. मोठी अक्षरं डोळ्यांना बरी वाटतात. विंडोजमध्ये मराठी कळफलक निवडला, की दहा बोटांनी भराभर मराठी लिहिता येतं. अ‍ॅप विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्यावं, ते फुकट आहे. शोधयंत्रात नाव टाकून वर येणाऱ्या पहिल्याच दुव्यावर भरवसा ठेवू नये. तिथे जाहिरातीच्या रूपात नकली अ‍ॅपही असू शकतं. अ‍ॅप उघडलं, की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन येतो. फोनमधल्या त्याच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून कॅमेरा त्यावर धरायचा. असे चार संगणक किंवा उपकरणं फोनला जोडता येतात.

कॅमेऱ्याऐवजी आठ अक्षरांचा संकेत फोनमध्ये भरूनही जोडणी होते, आणि ठकांना नेमका हाच रस्ता सोयीचा. ‘बक्षीस लागलंय, हा संकेत तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका’ असा फोन आला, तर समजावं, की पलीकडचा माणूस स्वतःचा संगणक आपल्या खात्याला जोडू पाहतोय. फोन ठेवावा आणि ती यादी तपासावी. पैसे गेलेच असतील, तर सायबर गुन्ह्यांच्या मदतीसाठी १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवावा.