केबल तुटण्याआधी बदलायची असते

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह या पाण्यांवर धिवरांचे डोंगे पिढ्यानपिढ्या चालत आले. डोंग्याला वळवणारे वल्हे किंवा बांबू माणसाच्या हातातच असतो. त्याला तडा गेला तर तो दिसतो. सहलीच्या मोटरबोटीत तसे नाही. चालक पुढे चाकाशी बसतो, इंजिन मागच्या फळीवर असते आणि दोघांना जोडणारी स्टिअरिंग केबल बोटीच्या काठाच्या आतून नाहीतर फरशीखालच्या नळीतून जाते. डोळ्यांआड असल्यामुळे ती तुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जी केबल बदलायला सर्वांत अवघड, तीच अखंड असताना, वेळेआधी बदलावी.

केबल बिघडते कशी, ते आधी पाहू. चाक फिरवले की चाकामागची, म्हणजे हेल्मची, यंत्रणा केबलच्या आतला गाभा पुढे-मागे सरकवते. गाभ्याच्या टोकाला पोलादी दांडा असतो. तो इंजिनच्या टिल्ट ट्यूब नावाच्या नळीतून ये-जा करतो आणि लिंक रॉड या जोडदांड्याच्या मदतीने इंजिन वळवतो. या दांड्यावरचे ग्रीस जुने होऊन घट्ट होते, टोकाच्या सीलमधून पाणी शिरते आणि गंज धरतो. गोड्या पाण्यात गंज कमी, हे खरे. पण उन्हाळ्यात तलाव उतरला की बोट महिनोनमहिने उभी राहते, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते, आणि न हलणारा दांडाच आधी जाम होतो. चाक जड झाले की लिंक रॉड सोडवून इंजिन हाताने वळवून पाहावे. इंजिन सहज वळले आणि चाक मात्र तरीही जड लागले, तर दोष बहुधा केबलकडे आहे. इंजिनच वळत नसेल, तर त्याचा फिरता सांधा तपासावा.

यावर पहिला आक्षेप येतो, की ग्रीस भरले म्हणजे काम भागते. निरोगी केबलला ग्रीस हवेच, तेही दांडा टिल्ट ट्यूबमध्ये पूर्ण आत घेऊन. बाहेर असताना दाबून भरले तर ग्रीसच दांड्याची वाट अडवते. पण ट्यूबच्या निपलमधून भरलेले ग्रीस ट्यूबपुरते राहते, केबलच्या लांबच लांब आवरणाच्या आत ते पोहोचत नाही. आतला गाभा गंजला असेल तर चार दिवस चाक हलके होते आणि खरा दोष तेवढा झाकला जातो. आवरण फुगलेले किंवा चिरलेले दिसले, की दुरुस्तीचा विचार सोडावा.

वेळेआधी बदलण्याचे माझे मुख्य कारण मात्र वाटेचे आहे. पायजम्याची जुनी नाडी काढताना तिच्याच टोकाला नवी बांधतात, तसे इथे जुन्या केबलला मजबूत दोरी बांधून केबल ओढून काढायची आणि त्या दोरीने नवी केबल आत न्यायची. जुनी केबल मधेच तुटली किंवा दांडा ट्यूबमध्ये चिकटला, तर हा वाटाड्या जातो. मग फरशी उचकटणे आले, हातोड्याचे घाव आले. काही बोटींत इंजिनाशेजारी दांडा सरळ बाहेर यायला जागाच नसते. तिथे इंजिन सोडवून उचलावे लागते. वेळेआधी बदलले तर हे सगळे किनाऱ्यावर, निवांतपणे होते. नवी केबल घेताना जुन्या केबलच्या आवरणावर छापलेला क्रमांक आणि लांबी जुळवावी. लांबी फुटांत मोजतात. केबल आखूड पडली तर वळणे आवळतात, आणि साधारण 8 इंचांपेक्षा कमी त्रिज्येचे वळण तिला सोसत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: आमच्या तलावात बोट संथ चालते, एवढी घाई कशाला? पण केबल तुटल्यावर इंजिनावर चाकाचा ताबाच राहत नाही. पंख्याच्या रेट्याने ते एका बाजूला झुकते आणि बोट न सांगता वळते. समोर मासेमारीची जाळी असतील, डोंगा असेल, पाण्यात उभी वाळकी झाडे असतील. वेग कमी म्हणून अंतर वाढत नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी सांगितली आहे, पण तपासणीच्या दिवशी चाक फिरले म्हणजे केबलचा गाभा शाबूत आहे असे होत नाही.

म्हणून बोट चालवणाऱ्या संस्थांनी नोंदवहीत केबल बसवल्याची तारीख लिहावी आणि पाणी उतरले की दरवर्षी लिंक रॉड सोडवून चाचणी घ्यावी. चाक जड होण्याची पहिली खूण मिळताच नवी केबल मागवावी. नवी बोट घेतानाही केबल कुठून जाते आणि ती काढायला जागा आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. रंग आणि आसने नंतर पाहिली तरी चालतात.